एखादा माणूस टाक ना

नवतपा लागायचा होता, पण ऊन काही त्याची वाट बघत थांबलं नव्हतं. दुपारचं आवरून मी कूलरसमोर चटई टाकून पडले होते आणि फोन वाजला. भाचीनं चित्र पाठवलं होतं. ती हल्ली टॅबलेटवर पेननं चित्रं काढते, आणि तीही जगात कुठंच नसलेल्या जागांची. चष्मा शोधून बघितलं. खाली राखेच्या रंगाचं मैदान, तळ्यातला गाळ वाळल्यावर पडतात तसे तडे गेलेलं. मागं डोंगरांची ओळ, पण सगळ्यांचे माथे सुरीनं कापल्यासारखे सपाट. मधोमध दहा-बारा दगडी पायऱ्या, वर चढत गेलेल्या आणि तिथंच संपलेल्या. उजव्या अंगाला एकट्याच भिंतीचा तुकडा, भिंतीत कोनाडा, कोनाड्याच्या वर कसलासा डाग. संत्र्याचं साल आठवडाभर खिडकीत पडून राहिलं की जो रंग येतो, त्या रंगाचं आभाळ. आणि आभाळात दोन सूर्य. नागपूरच्या पोरीला एक पुरला नाही, याचं हसू आलं.

मी लिहिलं, “मस्त जमलंय गं. पण जरा भकास वाटतं. एखादा माणूस टाक ना.”

तिनं नुसता अंगठा पाठवला. दुसऱ्या दिवशी तेच चित्र पुन्हा आलं. पायऱ्यांच्या खालच्या टोकाशी आता एक माणूस उभा होता, पाठमोरा, अंगावर पायघोळ झगा, हातात काठी. खाली लिहिलेलं, “टाकला.” मी बघत राहिले आणि लक्षात आलं की चित्र पडलं. कालपर्यंत त्या मैदानाकडे बघताना पोटात जे काही व्हायचं, ते आज होईना. तो माणूस पायऱ्या चढणार, वर काहीतरी सापडणार, मग कोणाशी तरी लढणार, सगळं ठरलेलं. मोबाइलवरच्या खेळाची जाहिरात असते तसं दिसत होतं ते. फोन करून म्हटलं, बाई गं, आधीचंच बरं होतं. ती हसली. म्हणाली, “मावशी, रिकामं दिसलं का तू काही ना काही ठेवूनच देते.”

ती सहज बोलली. पोरं बोलतात तसं. पण ते वाक्य माझ्या मागं लागलं.

कारण खरं आहे ते. माझ्या घरात फ्रिजचा माथा कधी मोकळा नसतो. खिडकीतून कूलर काढला की त्या भगदाडात दुसऱ्या दिवशी तुळशीची कुंडी येते. बाबा गेले तेव्हा त्यांची आरामखुर्ची आम्ही देऊन टाकली. ज्याला दिली त्यानं ती डोक्यावर घेतली आणि जिना उतरला. कापड बाबांच्या पाठीच्या आकारात सैल पडलेलं, ते उलटं होऊन त्याच्या डोक्यावर टोपीसारखं बसलं होतं. तेरवी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्या कोपऱ्यात मनीप्लांट आणून ठेवला. आई काही बोलली नाही. ती त्या कुंडीला वळसा घालून जायची, जसा ती खुर्चीला घालत असे. पुढं कधीतरी तो वाळला, मग तिथं इस्त्रीचं टेबल आलं. आईचा वळसा तेवढाच राहिला.

भकास हा शब्द मी किती सहज वापरला, तेही नंतर टोचलं. आपल्याकडे याला शब्दांची कमी नाही. ओसाड म्हणजे जिथं आधी वस्ती होती. उजाड म्हटलं की वाटतं, कोणीतरी काहीतरी उपटून नेलंय. रखरखीत हे उन्हाचं काम. वैराण म्हणताना तर जीभसुद्धा कोरडी पडते. भकासचं मात्र तसं नाही. मुलगी सासरी गेली की तेच घर, तेच पंखे, तेच कॅलेंडर, आणि सगळं भकास. जागेला काही झालेलं नसतं, बघणाऱ्याला झालेलं असतं. म्हणजे भाचीच्या चित्राला भकास म्हणून मी चित्राबद्दल काहीच बोलले नव्हते.

आणि हे मला कळायला हवं होतं, कारण माझी नोकरीची तीस वर्षं जमिनीच्या दप्तरात गेली. तिथं ओसाड गावाला वेगळाच शब्द आहे, बेचिराग. गावाचं नाव आहे, हद्द आहे, गट नंबर आहेत, सातबारे निघतात, पिकं लागतात, फक्त माणूस राहत नाही. आपल्याकडे बोलताना रिठी म्हणतात, अमुक गावाची रिठी. पण कागदावर बेचिराग. पहिल्या वर्षी मी हा शब्द रबरी शिक्क्यासारखा कोरडा समजून लिहीत होते. एका जुन्या कारकुनानं चहा पिता पिता सहज फोड केली, बे-चिराग, दिवा नसलेलं. मग काही दिवस तो शब्द लिहिताना हात अडखळायचा. ज्या कोणी तो पहिल्यांदा दप्तरात आणला, त्यानं घरं मोजली नाहीत, डोकी मोजली नाहीत. संध्याकाळी लांबून बघितलं आणि दिवा दिसला नाही तेवढं लिहिलं. नंतर सवय झाली. सवय झाली की हात अडखळत नाही. रोज दहा नकला द्यायच्या असतात, लोक खिडकीशी उभे असतात.

नागपूरची मे महिन्यातली दुपार ज्यानं बघितली त्याला वैराण प्रदेश काढायला कल्पनाशक्ती लागत नाही, असं आपलं माझं मत. २०१३ साली पारा ४७.९ वर गेला होता, त्या दिवशीही मी कुठल्याशा कामाला बाहेर होते. एरवी गाड्यांनी चेंगरलेली बर्डी, म्हणजे सीताबर्डीचा बाजार, दुपारी भर बाराला बाहेर पडा, रस्ता लांबच लांब आणि पांढरा. डांबर वितळून चपलेला धरतं. दुकानांवर गोणपाटाचे पडदे सोडलेले, त्यांवर मारलेलं पाणी आतल्या माणसाला थंडावा देतं आणि रस्त्यावरच्याला फक्त ओल्या तागाचा वास. कुत्री नालीत. एक रसवंती चालू, तिची घुंगरं वाजतात, पण गिऱ्हाईक कोणी नाही. अशा वेळी सावल्या इतक्या आखूड होतात की आपलीच सावली आपल्या पायाखाली येते. हे सगळं भीतिदायक आहे, पण आम्हांला त्याची भीती वाटत नाही. दुपट्टा गुंडाळायचा, खिशात कांदा ठेवायचा, निघायचं. भाचीच्या चित्रातल्या मैदानानं मात्र मला घाबरवलं. आपलीच दुपार दुसऱ्यानं दाखवली की ओळखू येत नाही बहुतेक.

जुन्या तमिळ कवींनी तर याचं शास्त्रच केलं होतं. संगमकाळच्या कवितेत डोंगर, रान, शेत, समुद्रकाठ, प्रत्येक प्रदेशाला प्रेमातली एकेक अवस्था नेमून दिलेली. कवीनं नुसतं डोंगरावरचं फूल लिहिलं तरी ऐकणाऱ्याला कळायचं, ही भेटीची कविता. त्यात पाचवा प्रदेश आहे, पालै. करपलेली जमीन, उन्हाळा, भर दुपार, आणि भाव विरहाचा. माणूस घर सोडून त्या वाटेनं निघालेला असतो. मला आवडलं ते हे, की पालै हा मुळातला वेगळा प्रदेश नाहीच. डोंगर आणि रान उन्हानं होरपळले की त्यांचंच पालै होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्याला हे सांगायला नको.

तर, भाचीचं वाक्य मागं लागलंच होतं, म्हणून मी तिला विचारलं, “मग रिकामं चित्र चांगलं कसं काय होतं, ते तरी सांग.” तिनं उत्तर दिलं नाही, तीन चित्रकारांची नावं पाठवली. पुढचे आठ-दहा दिवस मी रात्री गच्चीवर गादी टाकून, गादीवर पाणी शिंपडून, फोनच्या एवढ्याशा काचेत जगातली सगळ्यांत ओसाड चित्रं बघत पडायची. शेजारच्या गच्चीवरचे काका रेडिओ लावायचे, त्याचा आवाज.

पहिला जर्मन, कास्पार डाविड फ्रीडरिश. त्याचं समुद्राकाठच्या साधूचं चित्र १८०८ ते १८१० या काळातलं, बर्लिनला आहे. साडेपाच फुटांवर रुंद, आणि त्यातला बराचसा भाग नुसतं आभाळ. खाली काळ्या समुद्राची पट्टी, त्याखाली फिकट वाळू, वाळूवर बोटाच्या पेराएवढा एक माणूस. आता शास्त्रीय तपासणीत, अवरक्त किरणांखाली, दिसलंय की त्या समुद्रात आधी दोन जहाजं होती. फ्रीडरिशनं ती काढली होती आणि मग रंगाखाली बुजवली. जहाजं असती तर आपण कुठंतरी डोळा टेकवला असता. क्लाइस्ट नावाच्या लेखकानं तेव्हाच लिहून ठेवलं, की हे चित्र बघताना कोणीतरी आपल्या पापण्या कापून टाकल्यासारखं वाटतं. मी गच्चीवर पडल्या पडल्या डोळे मिटून बघितले. मिटता येतात, याचं बरं वाटलं.

याच फ्रीडरिशचं बर्फाचंही चित्र आहे, १८२३-२४चं. फुटलेल्या लाद्या एकमेकींवर चढून टोकदार डोंगर झालेला, आणि एका बाजूला, मुद्दाम शोधलं तरच दिसेल असा, बुडणाऱ्या जहाजाचा तुकडा. तो जिवंत असेपर्यंत हे चित्र कोणी विकत घेतलं नाही. लहानपणी, १७८७ साली, त्याचा भाऊ बुडाला होता, बर्फ फुटून, असं सांगतात. हे वाचल्यावर माझ्यातली कारकून लगेच जागी झाली, की बघा, सापडला दाखला, बर्फ म्हणजे भाऊ. पण चित्र पुन्हा उघडलं तर बर्फ बर्फच होता. जास्त थंड वाटला एवढंच.

दुसरा स्वित्झर्लंडचा बोक्लिन. त्याचं मृतांचं बेट: काळं पाणी, उंच खडक, मध्ये सरूची काळी झाडं, आणि बेटाकडे चाललेली नाव. नावेत पांढऱ्या कपड्यातली उभी आकृती, पुढ्यात शवपेटी. १८८० ते १८८६ या काळात त्यानं हे पाच वेळा रंगवलं. चौथं दुसऱ्या महायुद्धात जळून गेलं. माझी झोप उडवली ती याच्या गोष्टीनं. १८८०मध्ये मारी बेर्ना नावाची एक विधवा त्याच्या फ्लॉरेन्सच्या स्टुडिओत गेली, अर्धवट चित्र बघितलं आणि तसंच आपल्यासाठी मागितलं. तिच्या सांगण्यावरून बोक्लिननं नावेत ती आकृती आणि ती पेटी घातली, आणि मग आधीच्या चित्रातही घातली. म्हणजे तिनंही तेच म्हटलं होतं जे मी म्हटलं. माणूस टाक ना. आणि तिथं चित्र पडलं तर नाहीच, आज ती नाव झाकली तर उरतो एक देखणा खडक.

मी उठून बसले. गादीवरचं पाणी तोवर वाळलं होतं.

मग माझं काय चुकलं? बऱ्याच वेळानं सुचलं ते असं, की बेर्नाबाईंना कोणाला ठेवायचं ते ठाऊक होतं. त्यांचा नवरा गेलेला होता, पेटी त्याची होती. मी म्हटलं होतं, एखादा माणूस. एखादा! जसं त्या कोपऱ्यात एखादी कुंडी. भाचीनं बिचारीनं मागितलं ते दिलं, पाठमोरा, झगा, काठी, चेहरा नाही, नाव नाही. सातबाऱ्यावर असा माणूस चढवला असता तर मीच ती नोंद परत पाठवली असती.

तिसरा पोलंडचा, बेक्शिन्स्की. १९२९चा जन्म, २००५मध्ये त्याचा खून झाला. त्याच्याबद्दल लिहायला मला जड जातं, कारण त्याची चित्रं मी फोन पालथा घालून घालून बघितली. हाडांची देवळं, कोळ्याच्या जाळ्यांसारखी शहरं, तांबूस धुक्यात चालत असलेलं काहीतरी. हार्डबोर्डवर, तेलरंगात, इतकं बारीक काम की कुजण्यालाही नक्षी आलेली. तो चित्रांना नावं देत नसे. अर्थ विचारला की उडवून लावायचा, आणि वर म्हणायचा की माझी काही चित्रं तर गमतीची आहेत. आधी मला हा नखरा वाटला. आपल्याला शाळेपासून सवय आहे ना, वाळलेलं झाड म्हणजे मृत्यू, जिना म्हणजे महत्त्वाकांक्षा, दार म्हणजे संधी, रसग्रहण करा, गुण चार. पण अर्थ लावून टाकणं हेही कुंडी ठेवण्यासारखंच आहे, असं आता वाटायला लागलंय. चित्रात जी जागा मोकळी सोडलेली असते तिथं आपण पटकन मृत्यू नावाची कुंडी ठेवतो आणि सुटतो. तरी बेक्शिन्स्कीचं सगळंच मला पटलं असं नाही. काही चित्रं नुसती किळसवाणी आहेत. भाचीला हे सांगितलं तर ती चिडली.

शेवटी एका रविवारी तिच्याकडेच गेले, सक्करदऱ्याला. बहिणीनं कैरीचं पन्हं दिलं, वर वेलदोडा, मीठ जरा जास्तच. भाचीच्या खोलीत पडदे लावलेले, कूलर खरखरत होता. तिनं लॅपटॉपवर मूळ चित्र उघडलं. फोनवर हातात मावणारं चित्र इथं भिंतीसारखं समोर आलं, आणि तिनं दोन बोटांनी ते आणखी मोठं केलं. तडे मोठे झाले. तड्यांच्या आत मातीचे पदर होते. डोंगरांच्या उतारांवर पावसाच्या पाण्यानं पाडलेल्या घळी, सरळ खाली आलेल्या, खऱ्या डोंगराला कधी नसतात तशा. मग भिंत आली. मातीची भिंत, पोपडे सुटलेली, पोपड्यांखाली गवताचा काड. मग कोनाडा. आणि त्याच्या वरचा तो डाग.

डाग नव्हता. काजळी होती. खाली जवळजवळ काळी, वर जात जात तपकिरी, आणि कोनाड्याच्या कमानीला लागून किंचित उजवीकडे कललेली. म्हणजे डावीकडून वारा यायचा. कोनाड्याच्या तळाशी तेलाचा एक गोल, गडद, पणतीच्या बुडाएवढा.

“हे कुठनं आणलं?” मी विचारलं.

“काऊन? तूच तं दाखवलं होतं.”

मला काही आठवेना. तिनं आठवण करून दिली. ती आठ-नऊ वर्षांची असेल, आम्ही उमरेडकडच्या आमच्या रिठीवर गेलो होतो. आमच्या आजोबांचं मूळ गाव ते, बाबांच्या जन्माआधीच उठलेलं. आता तिथं फक्त मारुती आहे, वर्षातून एकदा नारळ फोडायला जायचं. एसटीतून उतरून चालत गेलो. वाटेत कोळशाच्या उघड्या खाणी, खाणीतनं काढलेल्या मातीचे ढीग, तिकडची माणसं ज्याला ओबी म्हणतात ते, मैलभर, सपाट माथ्यांचे. तिला ते डोंगर वाटले होते आणि मी म्हणे सांगितलं होतं, हे डोंगर नाहीत, हे खड्डे आहेत, उलटे ठेवलेले. मी असं बोलले असेन? असेनही. माझ्या लक्षात त्या दिवसातलं राहिलंय ते ऊन, बाटलीतलं चहासारखं गरम पाणी, आणि नारळ आतून नासका निघाला म्हणून आईनं धरलेला हट्ट की दुसरा आणा. तिच्या लक्षात भिंत राहिली. बाबा त्या कोनाड्यात हात घालून उभे होते म्हणे, काहीतरी चाचपत. बोटं काळी झाली ती त्यांनी धोतराला पुसली, आणि आई त्यांना रागावली.

तीस वर्षं बेचिराग लिहिणाऱ्या बाईनं समोर काजळी असून डाग म्हटलं होतं आणि एखादा माणूस मागितला होता. मी तिला हे बोलून दाखवलं नाही. पन्ह्याचा पेला बाजूला ठेवला, इतकंच.

“तो झगावाला आता जातो का यातून?” मी म्हटलं.

“जाते ना. वेगळ्या लेयरवर आहे.” तिनं उजवीकडची यादी दाखवली. प्रत्येक ओळीपुढं एक बारीकसा डोळा. “ह्या डोळ्यावर दाब.”

मी दाबलं. डोळा मिटला आणि माणूस गेला. फ्रीडरिशला जहाजं बुजवायला रंगाचा थर चढवावा लागला, इथं नुसतं बोट. पुन्हा दाबलं, आला. पुन्हा दाबलं, गेला. मैदान परत पहिल्यासारखं झालं, आणि पोटात ते पहिलं काहीतरीही परत आलं. फक्त पायऱ्यांच्या खालच्या टोकाशी, जिथं तो उभा होता तिथं, जमिनीवर दोन आखूड सावल्या तशाच पडलेल्या होत्या, एकेका सूर्याची एकेक.

“अगं, सावल्यांचा लेयर वेगळा आहे,” ती म्हणाली आणि यादीत खाली सरकायला लागली. “थांब, त्यापण काढते.”

कूलरमधलं पाणी संपलं असावं. मोटर कोरडी घुरघुरायला लागली होती. बहिणीनं आतून हाक मारली, बादली आणा गं कोणीतरी. भाची अर्धवट उठली, बोट अजून त्या दुसऱ्या डोळ्यावर.

“थांब जरा,” मी म्हटलं.